१९३९ साली मुंबईला 'पंतप्रधान' होते? आजोबांच्या वहीतला घोळ

पेटीतली_वही

नमस्कार मंडळी. गणपतीला गावी (संगमेश्वर तालुका) गेलो होतो तेव्हा माळ्यावरची आजोबांची पत्र्याची पेटी खाली काढली. आजोबा गावच्या वाचनालयाचे चिटणीस होते त्यामुळे पेटीत सभांच्या दोन वह्या निघाल्या, अर्धं मोडीत अर्धं बाळबोधीत. मोडी मला येत नाही, बाळबोध तेवढं वाचलं. ऑक्टोबर १९३९ च्या सभेत लिहिलंय की नव्या इमारतीच्या कोनशिलेला "ना. मुख्य प्रधान बाळासाहेब खेर" यांना बोलवायचं, रत्नागिरीचेच आहेत, आपल्या माणसांना नाही म्हणणार नाहीत वगैरे. डिसेंबरचा मुहूर्त, मांडवाचे बांबू कोणाच्या राईतून आणायचे तेसुद्धा ठरलेलं. आणि दोन पानं पुढे हेच गृहस्थ एकदम "मुंबईचे पंतप्रधान" झालेत! मग पुढच्या पानावर सगळा ठराव आडवी रेघ मारून खोडलाय आणि शेजारी एकच शब्द, "रहित". कारण नाही काही नाही.

आतेभाऊ म्हणतो पहिले मुख्यमंत्री यशवंतराव, हे खेर कुठून आले. पुतणी एमपीएससीचा अभ्यास करतेय तिच्या पुस्तकात खेर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आहेत पण वर्षं स्वातंत्र्यानंतरची. मग १९३९ ला हे काय? पंतप्रधान म्हणजे दिल्लीत असतात ना? आणि इंग्रज गव्हर्नर डोक्यावर बसलेला असताना या माणसाचं नेमकं काम काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा, घरात दोन पार्ट्या पडल्यात आणि पैज आंबोळ्यांची आहे.

बिनधास्त_बंड्या

संस्थानचे पंतप्रधान असतील हो. औंध, कोल्हापूर, सांगली सगळीकडे दिवाण नाहीतर पंतप्रधान असायचे. वही लिहिणाऱ्याने मिसळ केली असणार.

इलाखाप्रेमी

नाही बंड्याशेठ, आजोबांची वही शंभर टक्के बरोबर आहे. दोन्ही शब्द बरोबर आहेत.

थोडं मागे जावं लागेल. १९१९ च्या कायद्याने प्रांतात द्विदल राज्यपद्धती आली म्हणजे कारभाराचे दोन वाटे, शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य असली खर्चाची खाती लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्यांकडे आणि पोलीस, महसूल, तिजोरी ही खरी खाती गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलकडे. त्या मंत्र्यांना तेव्हाच्या मराठीत दिवाणही म्हणायचे. पण आपल्या मुंबईत त्या दिवाणांचा प्रमुख असा कोणी नव्हता, जो तो गव्हर्नरकडे आपली वेगळी पायरी चढायचा. मग १९३५ चा कायदा आला, १ एप्रिल १९३७ पासून प्रांतांना स्वायत्तता, ११ प्रांत, आणि सगळी खाती मंत्र्यांकडे. आता मंत्र्यांना एक नेता हवा झाला. गंमत म्हणजे त्या कायद्यात 'प्राइम मिनिस्टर' हा शब्दच नाही, त्यात एवढंच की गव्हर्नरला सल्ला द्यायला मंत्रिमंडळ असेल. नाव वापरातनं पडलं. इंग्रजीत प्राइम मिनिस्टर किंवा प्रीमियर, आणि मराठी पेपरवाल्यांनी कधी मुख्य प्रधान कधी पंतप्रधान लिहिलं. आपल्याला पंतप्रधान शब्द काय नवा नव्हता, पेशव्यांना पंतप्रधान म्हणायचेच की. आणि दिल्लीत तेव्हा पंतप्रधान नावाचं कोणी नव्हतंच, व्हाइसरॉय आणि त्याचं कौन्सिल, मग गोंधळ होणार कोणाशी?

गोंधळ खरा झाला १९४७ नंतर. दिल्लीत नेहरू पंतप्रधान, मुंबईत खेर पंतप्रधान, लखनौला गोविंद वल्लभ पंत पंतप्रधान. २६ जानेवारी १९५० ला घटना आली आणि तिच्यात राज्याच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला मुख्यमंत्री म्हटलं, तिथून प्रश्न मिटला. काश्मीर सोडून, तिथे १९६५ पर्यंत पंतप्रधानच म्हणत.

आता खेर. जन्म रत्नागिरीचा, १८८८ चा, मुंबईत सॉलिसिटर. १९ जुलै १९३७ ला मुख्य प्रधान झाले. त्यांचं राज्य केवढं तर अहमदाबाद, सुरतपासून खाली धारवाड, कारवारपर्यंत, मधे खानदेश, देश, कोकण. सिंध नुकताच १९३६ ला वेगळा झालेला. मंत्री सात, त्यात कन्हैयालाल मुन्शी गृहखात्याला, मोरारजी देसाई महसुलाला, अण्णासाहेब लठ्ठे अर्थखात्याला, डॉ. गिल्डर आरोग्याला. स्पीकर मावळंकर, म्हणजे अहमदाबादचे मराठी. काँग्रेसच्या मंत्र्यांनी पगार घ्यायचा ५०० रुपये असं पक्षानेच ठरवलेलं, त्या पगाराच्या बिलावर समोरच्या बाकावरून डॉ. आंबेडकरांनी चांगली खरडपट्टी काढली होती. हो, बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या असेंब्लीत होते, स्वतंत्र मजूर पक्षाचे डझनभराहून जास्त आमदार घेऊन. खोती (कोकणातली सारावसुलीची वतनदारी) बंद करण्याचं बिल त्यांनी तिथेच मांडलं, सप्टेंबर १९३७ मध्ये. तुम्ही संगमेश्वरचे आहात म्हणून मुद्दाम सांगितलं, तुमच्या गावात खोत होतेच असणार.

गव्हर्नरचं म्हणाल तर तो नुसता शोभेचा नव्हता. मनात आलं तर मंत्रिमंडळाच्या बैठकीला अध्यक्ष म्हणून स्वतः बसू शकत होता, कायद्यातच लिहिलेलं. शिवाय शांतता, अल्पसंख्याक, गोऱ्या नोकरशहांचे हक्क वगैरे 'विशेष जबाबदाऱ्या' त्याच्याकडे, त्यांच्या नावाखाली मंत्र्यांचा सल्ला बाजूला ठेवता यायचा. म्हणजे खुर्ची लोकांनी दिलेली पण तिचा एक पाय गव्हर्नरच्या हातात.

सातारी_कंदी

थांबा थांबा इलाखाप्रेमी, तुम्ही पण तेच केलंत, थेट खेरांपासून सुरुवात. मुंबईचे पहिले पंतप्रधान खेर नव्हेत, आमच्या साताऱ्याचे सर धनजीशा कूपर! १ एप्रिल ते १९ जुलै १९३७. साडेतीन महिने का होईना.

झालं असं की निवडणुकीत काँग्रेसला १७५ पैकी साधारण ८६ जागा, म्हणजे अगदी निम्म्याच्या काठावर, पण सगळ्यात मोठा पक्ष तोच. पण काँग्रेस म्हणाली गव्हर्नर विशेष अधिकार वापरणार नाही असं आधी आश्वासन द्या, मगच आम्ही सरकारात येतो. तीन महिने हा पत्रव्यवहार चालला. तोवर गाडा कोणी हाकायचा? म्हणून गव्हर्नरने कूपरना हंगामी मंत्रिमंडळ करायला सांगितलं. पारशी माणूस, पण राजकारण सगळं सातारा जिल्हा लोकल बोर्डातलं आणि ब्राह्मणेतर पक्षातलं. सातारा रोड स्टेशनला कूपरचा लोखंडी नांगरांचा कारखाना, आमच्याकडे जुने लोक अजून 'कूपरचा नांगर' म्हणतात. कर्मवीर भाऊराव पाटील पण काही काळ त्यांच्याकडे कामाला होते, पुढे दोघांचं फाटलं, ती कथा साताऱ्यात प्रत्येकाची वेगळी असते त्यामुळे नको.

बहुमत नसलेलं सरकार, असेंब्ली बोलवली तर पडणार हे सगळ्यांना माहीत. तरी एक गोष्ट त्या साडेतीन महिन्यात झाली जी लोक विसरतात. सावरकरांची रत्नागिरीतली स्थानबद्धता १० मे १९३७ ला उठली, ती कूपर मंत्रिमंडळाच्या वेळी. जमनादास मेहता त्यात मंत्री होते, त्यांनी लावून धरलं होतं.

तर यादी लिहायची तर कूपरपासून लिहा. शाळेच्या पुस्तकात नाव नाही म्हणून माणूस नव्हताच असं नको.

इलाखाप्रेमी

@सातारी_कंदी मान्य मान्य, चूक कबूल. खेर पहिले निवडून आलेल्या बहुमताचे म्हणू. कंदी पेढे कधी?

पेटीतली_वही

बापरे, एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. खोत होते हो, आणि वाचनालयाला जागा देईनात म्हणून वहीत एक पूर्ण पान भांडण आहे :)

पण मला एक कळलं नाही. खेर काही तेव्हाचे फार मोठे पुढारी नव्हते ना? मुंबईत तर बाकी मोठी नावं होती. मग यांनाच कसं निवडलं?

गिरगावकर_काकू

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सगळ्या मुंबईला वाटत होतं की के. एफ. नरिमन होणार. वीर नरिमन म्हणायचे लोक. बॅकबेच्या भरावातला घोटाळा बाहेर काढला त्यांनी, मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष, शहरात प्रचंड वजन. आणि मार्च १९३७ ला काँग्रेस आमदारांची सभा झाली आणि नेता निघाले बाळासाहेब खेर. नरिमन भडकले, म्हणाले हे वल्लभभाईंनी पडद्यामागून केलं. वर्तमानपत्रात धुरळा, शेवटी गांधीजी आणि बहादुरजी म्हणून एक नामांकित पारशी वकील, दोघांनी चौकशी केली. त्यात १९३४ च्या केंद्रीय असेंब्लीच्या निवडणुकीतलं जुनं प्रकरणही उकरलं गेलं, नरिमननी तेव्हा पक्षाच्या उमेदवाराशी दगा केला असा आरोप. निकाल दोन्हीत नरिमनच्या विरुद्ध. मग काँग्रेसने त्यांना जबाबदारीच्या पदाला नालायक ठरवलं आणि त्यांचं राजकारण तिथेच बसलं म्हणायचं.

माझे सासरे तेव्हा कॉलेजात होते, ते शेवटपर्यंत म्हणायचे की निकाल कायद्याने बरोबर असेलही पण आमच्या नरिमनला खाल्लं. आता वल्लभभाईंचं म्हणणं असं की गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक तिन्हीकडच्या आमदारांना चालेल असा शांत माणूस हवा होता, आणि खेर तसे होते हेही खरं, त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला तरी भेटला नाही. मला स्वतःला काय वाटतं विचाराल तर आमदारांनी हात वर केले ते मनापासून का कोणाकडे बघून, हे चौकशीत कधी कळत नसतं.

गंमत बघा, मंत्रालय आज उभं आहे ते नरिमन पॉइंटला. खुर्ची मिळाली नाही पण प्रत्येक मुख्यमंत्र्याला रोज त्यांच्याच पत्त्यावर यावं लागतं.

तिखट_वऱ्हाडी

काकू एकदम बरोबर, पण ही तर काहीच नाही, आमच्या नागपूरची ऐका. विदर्भ तेव्हा मुंबईत नव्हताच बाप्पा, मध्यप्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर. त्यामुळे "महाराष्ट्राचा पहिला" म्हणताना तुम्ही लोक आम्हाला नेहमीच विसरता ते जाऊ द्या.

आमचे मुख्य प्रधान डॉ. नारायण भास्कर खरे, नागपूरचे डॉक्टर, जुलै १९३७ पासून. मंत्रिमंडळात दोन तट, इकडे मराठी नागपूर-वऱ्हाडवाले आणि तिकडे महाकोशलचे हिंदीवाले, रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र, दुर्गाशंकर मेहता. रोजची कुरबूर. मे १९३८ ला पचमढीला सगळ्यांना बसवून समझोता केला, टिकला नाही. मग २० जुलैला खरेसाहेबांनी डाव टाकला. स्वतः राजीनामा दिला, बरोबर रामराव देशमुख आणि गोळे या दोन मराठी मंत्र्यांनी दिला आणि शुक्ल-मिश्र-मेहतांना म्हणाले तुम्ही पण द्या, मुख्य प्रधान गेला की मंत्रिमंडळ गेलं हा संकेत आहे. ते म्हणाले काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाने सांगितल्याशिवाय आम्ही देत नाही. मग गव्हर्नर वायलीने रातोरात त्या तिघांना बडतर्फ केलं आणि २१ तारखेला खऱ्यांनी नवीन मंत्रिमंडळाची शपथ घेऊन टाकली, त्यात अग्निभोज म्हणून एक हरिजन मंत्री पण घेतले.

आता बघा, घटनेच्या भाषेत खऱ्यांचं काय चुकलं? मुख्य प्रधान, राजीनामा दिला, गव्हर्नरने परत बोलावलं, आपले मंत्री आपण निवडले. इंग्लंडात केलं असतं तर कोणी भुवई उचलली नसती. पण काँग्रेसचं म्हणणं, गव्हर्नरच्या मदतीने पक्षाच्या मंत्र्यांना काढता म्हणजे काय? सुभाषबाबू अध्यक्ष, वल्लभभाई बोर्डाचे प्रमुख, वर्ध्याला बोलावणं आलं, आणि २३ तारखेला खरे परत राजीनामा देऊन मोकळे. दोन दिवसाचं मंत्रिमंडळ! लगेच शुक्ल नेते. खऱ्यांना बेशिस्तीचा ठपका. नागपुरात त्यावेळी मराठी माणूस लय खवळला होता, खरे विरुद्ध वर्धा असं चित्र झालं. पुढे तेच खरे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले, अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले, हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. म्हणजे बंड्याशेठ, एकच माणूस प्रांताचा पण आणि संस्थानचा पण पंतप्रधान, तुमची थिअरी थोडीशी वाचली.

मला विचाराल तर मुख्यमंत्री या खुर्चीचा खरा इतिहास १९३७-३८ च्या या दोन गोष्टीतच आहे. मुंबईत ठरलं की नेता कोण होणार त्यात वरच्यांचा हात राहणार, आणि नागपुरात ठरलं की झालेला नेता कोण काढणार. गव्हर्नर इंग्रज होता तो गेला, दुसरी दोरी तशीच राहिली. फक्त हायकमांड हा शब्द नंतर जास्त चालला. आणि शुक्ल १९५६ पर्यंत नागपूरहून मध्यप्रदेश चालवत होते, विदर्भ मुंबईत आला तेव्हाच ते भोपाळला गेले.

बिनधास्त_बंड्या

+१. म्हणजे आत्ता जे चाललंय ते काही नवीन नाही. आत्ताच्यांचं बघा ना, सकाळी एक, संध्याकाळी दुसरं...

गिरगावकर_काकू

बंड्या, आत्ताच्यांसाठी वेगळे दोनशे धागे आहेत, तिकडे जा बाळा. हा चांगला चाललाय.

बालाघाटचा_वारा

आमचा मराठवाडा कोणीच घेतला नाही म्हणून लिहितो. बीड, परभणी, औरंगाबाद हे निजामाचं. तिथे १९३५ चा कायदा नाही, निवडणूक नाही, निजाम नेमेल तो सदर-ए-आझम, म्हणजे पंतप्रधान. शेवटचा मीर लायक अली. १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं. मग जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर, मग १९५० ला वेल्लोडी नावाचे आयसीएस अधिकारी मुख्यमंत्री म्हणून नेमले, म्हणजे आमचा पहिला 'मुख्यमंत्री' कोणी निवडलाच नव्हता, बदली होऊन आल्यासारखा आला. निवडून आलेले पहिले बुर्गुला रामकृष्णराव, १९५२. आमच्या आजीला विचारलं तर ती म्हणायची मुख्यमंत्री कोण ते ठाऊक नाही, तहसीलदार कोण ते विचार.

माडाची_सावली

गोंयकारांना पण घ्या की. आमचे पहिले भाऊसाहेब बांदोडकर, २० डिसेंबर १९६३. गोवा केंद्रशासित होता त्यामुळे वर राज्यपाल नाही, नायब राज्यपाल, आणि पैशाच्या कामाला दिल्लीकडे बघायचं. तरी माणूस असा की शाळा गावोगावी काढल्या. पदावर असतानाच १२ ऑगस्ट १९७३ ला गेले, मग मुलगी शशिकलाताई. घटक राज्य व्हायला १९८७ उजाडलं. बस एवढंच, बाकी चालू द्या.

निवृत्त_कक्षअधिकारी

उशिरा आलो, वाचून मजा आली. मी ३१ वर्षं आधी सचिवालय आणि मग मंत्रालय (इमारत तीच, पाटी बदलली) अशी नोकरी केली त्यामुळे इतिहासापेक्षा कामाचं थोडं सांगतो, मूळ प्रश्नात "नेमकं काम काय" असं विचारलंय आणि त्याला कोणी हात लावला नाही.

घटनेत मुख्यमंत्र्याबद्दल फार थोडं लिहिलंय. कलम १६४, राज्यपाल मुख्यमंत्री नेमतात आणि बाकीचे मंत्री मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने. कलम १६७, कारभाराची माहिती राज्यपालांना देत राहायची. संपलं. पण "सल्ल्याने" या एका शब्दात सगळी ताकद आहे, कारण मंत्री करायचा, खातं द्यायचं, काढायचं हे सगळं त्यातून येतं, आणि मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला की मंत्रिमंडळ आपोआप जातं. वऱ्हाडी भाऊंनी सांगितलेल्या खरे प्रकरणात जो वाद झाला तो आज होणारच नाही. आणि राज्यपाल मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसत नाहीत, अध्यक्ष मुख्यमंत्रीच. ही १९३५ च्या मानाने सगळ्यात मोठी उडी.

रोजचं काम म्हणजे फाइल, आमच्या भाषेत नस्ती. सहायक टिपणी लिहितो, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री, आणि कार्यनियमावलीत ज्या विषयांना मुख्यमंत्र्यांची मान्यता लागते ते वर जातात. धोरणाचं असेल, दोन खात्यांचं भांडण असेल, मोठ्या अधिकाऱ्यांच्या बदल्या असतील. मंत्रिमंडळापुढे जायचं तर वेगळी टिपणी, आणि मुख्य सचिव हे मंत्रिमंडळाचे सचिव म्हणून बसतात. सामान्य प्रशासन खातं मुख्यमंत्री शक्यतो स्वतःकडे ठेवतात, का ते उघड आहे, सगळ्या अधिकाऱ्यांच्या नाड्या तिथे. बाहेरच्याला वाटतं मुख्यमंत्री म्हणजे भाषण आणि फीत कापणं. मी पाहिलेले मुख्यमंत्री रात्री अकराला नस्त्यांवर सह्या करत बसलेले असायचे, काही जण वाचून, काही न वाचता. शेरा वाचला की कळायचं कोणी वाचलंय. "चर्चा करावी" असा शेरा आला की समजायचं नस्ती झोपली.

दोन-तीन गोष्टी लोक नेहमी चुकतात. उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाही, पगार-अधिकार मंत्र्याचेच, आपल्याकडे पहिले नासिकराव तिरपुडे, १९७८. मंत्री किती असावेत यालाही २००३ पासून मर्यादा आहे, विधानसभेच्या १५ टक्के, म्हणजे २८८ च्या हिशोबाने मुख्यमंत्री धरून ४३. आणि आमदार नसतानाही मुख्यमंत्री होता येतं, सहा महिन्यांत कुठल्यातरी सभागृहात यावं लागतं. मोरारजीभाई १९५२ ला स्वतः अगदी थोडक्या मतांनी पडले होते तरी खेरांनंतर तेच मुख्यमंत्री झाले. २०१० ला पृथ्वीराज बाबा (चव्हाण) दिल्लीहून आले ते पुढे विधान परिषदेतून.

आता आतेभावांचं. महाराष्ट्र राज्याचे पहिले यशवंतराव, १ मे १९६०, यात वाद नाही. पण ते त्याआधी नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबईचेही मुख्यमंत्री होतेच, त्यांच्या आधी मोरारजी, त्यांच्या आधी खेर. खेर दुसऱ्यांदा १९४६ ला आले ते १९५२ पर्यंत, कुळकायदा, पुणे विद्यापीठ सगळं त्या काळातलं, मग लंडनला हायकमिशनर. पदाचं नाव बदललं ते ते खुर्चीत असतानाच, म्हणजे २५ जानेवारी १९५० ला पंतप्रधान म्हणून झोपले आणि सकाळी मुख्यमंत्री म्हणून उठले. वांद्र्याची खेरवाडी त्यांच्याच नावाची. त्यामुळे आंबोळ्या दोन्ही पार्ट्यांनी एकमेकांना द्याव्यात.

जाता जाता, आमची सवय, नस्ती हातात आली की आधी तारखा बघायच्या. धागाकर्ते, तुमचा ठराव ऑक्टोबर १९३९ चा आणि मुहूर्त डिसेंबरचा ना? ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगोने कोणाला न विचारता हिंदुस्थान युद्धात आहे असं जाहीर केलं. त्याचा निषेध म्हणून काँग्रेसच्या सगळ्या प्रांतांतल्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, मुंबईचं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलं. मग १९३५ च्या कायद्यातल्या कलम ९३ खाली गव्हर्नरचं राज्य, थेट १९४६ पर्यंत (आजच्या राष्ट्रपती राजवटीचं मूळ तेच कलम). तुमच्या वाचनालयाला डिसेंबरात बोलवायला मुख्य प्रधान उरलेच नव्हते. "रहित" चं कारण तुमच्या गावात नाही, सिमला-मुंबईत शोधा.

इलाखाप्रेमी

काका __/\__ मी एवढं लांबलचक लिहिलं आणि तारीख बघितलीच नाही.

तिखट_वऱ्हाडी

लय भारी काका. "चर्चा करावी" वाचून हसून हसून मेलो, आमच्याकडे जिल्हा परिषदेत पण हेच.

पेटीतली_वही

निवृत्तकाका, अंगावर काटा आला खरं सांगतो. आम्ही घरात समजत होतो की खोतांशी भांडण झालं म्हणून रद्द झालं, आजीपण तेच सांगायची. आत्ता परत वही उघडून बघितली. "रहित" च्या खाली मोडीत एक ओळ आहे, ती शेजारच्या मोडी येणाऱ्या गुरुजींना फोटो पाठवून वाचून घेतली. लिहिलंय "ना. खेर साहेब यांचे पद गेलेमुळे". एवढंच. आणि दुसऱ्या वहीत कोनशिला बसली १९४१ ला, मामलेदारांच्या हस्ते, पानसुपारी धरून.

बांबू मात्र आधीच आलेले होते. त्यांचे ३ रुपये १२ आणे वाचनालयाच्या खात्यातून दिल्याची नोंद आहे, पुढे ते बांबू कुठे गेले याचा पत्ता नाही. आतेभावाला धाग्याची लिंक पाठवलीये, तो म्हणतोय कूपर धरले तर पैज दोघेही हरलो.

सातारी_कंदी

धरा की मग कूपर! आंबोळ्या साताऱ्याला पाठवा.